बोंड

पहिले तीन आठवडे एल्सेबेथने माती दिलीच नाही.
दिलं खसखशीचं एक वाळकं बोंड,
तिच्या परसातलं, गेल्या ऑगस्टमधलं.
"खिशात ठेव," म्हणाली. "बघू नकोस. चाचप."

बत्तीस वर्षं मी धुरीच्या खोलीत हेरिंग टांगली,
दोन्ही तर्जन्यांची टोकं बधिर.
तरी अंगठ्याला कळायला लागलं
कुठे फुगतं, कुठे गळ्याशी आवळतं,
वरचा तो चुण्यांचा मुकुट,
त्याखालच्या बारीक खिडक्या.

मग माती. बॉर्नहोमची, करडी, हट्टी.
माझं पहिलं बोंड कांद्यासारखं झालं,
दुसरं कांद्याच्या थोरल्या भावासारखं.
तिसऱ्याची मान बसली.
चौथं तिने तारेने मधोमध कापलं
आणि जाड बुडावर बोट ठेवून
नुसती उभी राहिली.

फेब्रुवारीत शेजारच्या विगोने,
सहा वर्षांचा, हात कधी रिकामा नाही,
खिडकीतलं बोंड खुळखुळ्यासारखं हलवलं.
राईहून बारीक काळे दाणे
माझ्या ओल्या भांड्यावर.
घाबरून त्याने बोटाने पुसले, तर आत रुतले.
वेचत बसले असते तर रात्र गेली असती.

भट्टीत दाणे जळाले, भोकं उरली.
एल्सेबेथने पाणी ओतलं.
टेबलावर एक थेंब, मग पाच, मग ओघळ
माझ्या मांडीपर्यंत.

"गळतंय," मी म्हणाले.
"बोंडही गळतंच की," ती म्हणाली
आणि फडकं आणायला गेली.