चारशे एकोणनव्वद

गरम टाकीतून ब्लॉक नुकताच बाहेर काढला होता,
अंगावरून वाफ निघत होती,
न्हाऊन आलेल्या रेड्यासारखा काळाभोर, मुका.
इर्मा स्तिपिचनं हातमोजा काढून त्याला हात लावला
आणि चटकन मागे घेतला.
नवरा बाहेर पिकअपमध्येच. काच वर.

गेल्या फेब्रुवारीत मोनिडाच्या घाटात
मधमाश्यांच्या शहाण्णव पेट्या पाठीवर असताना
हे इंजिन बसलं.
कॅलिफोर्नियातले बदाम कुणासाठी थांबत नाहीत,
फुलले आणि गळले.
पेट्या मोंटानात परत आणेपर्यंत
निम्म्या थंडीनं गार.

"किती मोठं करायचं?" मी विचारलं.
पुतण्या कोल्बी तयारच होता:
"पाचशे चाळीस. नवा ब्लॉक. सातशे घोडे."
आकडा त्याच्या तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा फिरत होता.

सातशे, बरोबर. पण सहा हजारांवर.
घाटात तुमचा ट्रक सहा हजारांवर कधी गेलाय?
तिथे काटा बावीसशेवर, गिअर तिसरा,
आणि मागे तीन टन गुणगुण.
घोडे शर्यतीला, बाबा. चढाला बैल लागतो.
इर्मा म्हणाली, "मला आवाज नको. ओढ हवी."

ओढ.
चाळीस वर्षं मी तिला टॉर्क म्हणत आलो.

मग पेन्सिल काढली.
स्ट्रोक चार इंच, तो सव्वाचार करू,
म्हणजे क्रँकचा हात एका सुतानं लांब.
सुतावरून स्वर्ग नाही, पण मोनिडा गाठता येईल.
कॅम सौम्य. पोर्ट अंडाकृती, अरुंदच राहू देत,
रुंद केले की खालच्या वेगात हवा आळसावते.
राहिला बोअर.
तीस थाऊ कापले तर चारशे एकोणनव्वद,
साठ कापले तर चारशे शहाण्णव.
"साठ," कोल्बी म्हणाला. विचारलं नव्हतं तरी.

भिंतीची जाडी मोजायचं यंत्र
एकेका सिलिंडरला लावत गेलो.
अडीचशे, दोनशे पंचेचाळीस, अडीचशे,
सहा नंबर: दोनशे पाच.
ओतताना साचा हलला असणार,
कुणाचा तरी शुक्रवार संध्याकाळचा हात.
पन्नास वर्षं ही भिंत गुपचूप पातळ.

क्युबिक इंच म्हणजे शेवटी काय, तर पोकळी.
एवढं लोखंड घ्यायचं, आणि त्यात किती नसावं ते ठरवायचं.
जो येतो तो म्हणतो, अजून थोडं काढ.
स्लीव्ह घालता येते म्हणा,
पण ते ठिगळ, आणि तेही माझ्या पसंतीचं नाही.

दार वाजलं. नवरा आत आला, बुटांवरचा बर्फ न झटकता.
कुणाशी बोलला नाही.
सहा नंबरात बोट घातलं,
खरवडलेल्या जागेवरून सावकाश फिरवलं.
"काटा दिसत होता मला," म्हणाला,
"वाटलं, एवढा चढ संपेल."
इर्मा माझ्या पावतीपुस्तकाकडे बघत राहिली.

"पुढच्या खेपेला किती उरेल?" त्यानं विचारलं.
तीस घेतले तर अजून एकदा कापता येईल.
साठ घेतले तर ही शेवटची.

मी एकाहत्तरचा. पुढची खेप माझ्या हातची नाही.
तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकाच्याच हातची असू शकते,
आणि तो फोनमध्ये पाचशे चाळीसची चित्रं बघत होता.
कार्डावर लिहिलं: ४८९.
नवाचं शेपूट जरा हललं.

"वीस जानेवारीच्या आत," इर्मा म्हणाली,
आणि काउंटरवर मधाची बाटली ठेवून गेली,
गोठून पांढरी झालेली.
दोघं निघाले तेव्हा पिकअप तिनं चालवली.

बाटली टाकीच्या झाकणावर ठेवली.
तासाभरानं पाहिलं तर
कडेकडेनं सुटत होती.