सोहार, शुक्रवार

उपासना आटोपून कँपाची बस.
मागच्या सीटवर शांतवन आणि एलीशा
पुन्हा जुंपलेत:
तारण फुकट; कमवायला ती काय मजुरी आहे?
आणि कृतीवाचून विश्वास म्हणजे प्रेत,
प्रेताला वास सुटतो, बाबा.

मी टाइमकीपर.
मंगळवारी टेकबहादुरचे बारा तास
अकरा लिहिले.
साहेब बोलला नव्हता,
नुसता बघत होता.
एक तास. अर्धा रियालसुद्धा नाही.
क्रुसापर्यंत न्यावं
एवढं मोठं आहे का ते?

बाहेर रिफायनरीची ज्योत, भर दुपारी.

बाजारापाशी टेकबहादुर चढला,
शेजारी बसला, झोपला,
डोकं माझ्या खांद्यावर.
कँप येईस्तोवर
मी खांदा हलवला नाही.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, शांतवन?