पिवळा दरवाजा, कुत्रा नाही

औलू शहरात जानेवारीत उजाडतं
ते उपकार केल्यासारखं.
पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी दिवा लावून
आयला कॉर्टेस्निएमी घरं जुळवत बसली आहे.

पाणीखात्याला ते घर माहीत आहे मीटरच्या नंबरानं.
गरम पाण्याचे नळ टाकणाऱ्यांना, फाटा क्रमांक सातनं.
घरी येणाऱ्या नर्सच्या वहीत नुसतं
'पिवळा दरवाजा, कुत्रा नाही.'
आणि बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या लेखी
तो एक ठिपका,
तोही गोठलेल्या समुद्रात पडलेला.

मंगळवारपासून पाणी शून्य.
मंगळवारपासून रेडिएटर मात्र अखंड तापलेला.
बुधवारी नर्सनं बेल वाजवली. परत गेली.
तीन खात्यांच्या भिंतीला भिंत,
पण बोलाचाली नाही.

आयलानं रकान्याला रकाना लावला,
आकड्यातला एक चुकार स्वल्पविराम
बोटानं धरून जागेवर बसवला.
ठिपका समुद्रातून निथळत आला
आणि पिवळ्या दरवाजात उभा राहिला.

गुरुवारी कुलूप तोडलं.
ताइस्तो न्यूग्रेन, वय एक्याऐंशी,
स्वयंपाकघराच्या फरशीवर,
खुबा मोडलेला, जीव शाबूत.
ओठ ओले झाल्यावर पहिलं वाक्य:
"मी आंघोळ केली नाही
हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

ऑफिसात सगळे हसले. आयलाही.

रात्री घरी तिनं किटलीसाठी नळ सोडला.
बंद केला.
थोडा वेळ तशीच उभी राहिली,
मग पुन्हा सोडला.