दौलतगंजहून आणलेला एन्लार्जर

कुलश्रेष्ठजी, तुमचा एन्लार्जर
आता जीवाजीगंजात असतो,
आमच्या न्हाणीघरात, गीझरखाली,
वॉशिंग मशीनच्या पाठीवर.

तुमच्या नातवाने बावीसशे घेतले.
ट्रे तीन, चिमटा एक, लाल बल्ब फुटका.
"चलता है क्या?" मी विचारलं.
"दादाजी चलाते थे," तो म्हणाला
आणि ऑटोवाल्याला हाक मारली.
खांब माझ्या मांडीवर आडवा, डोकं बाहेर.
फालके बाजारात एक गाय त्याला हुंगून गेली.

भात्याला दोन भोकं होती, काळी टेप लावली.
लेन्सच्या काठावर बुरशीची कोळिष्टकं,
ती राहू दिली.
खांबावर तुमच्या पेन्सिलच्या खुणा सापडल्या:
पासपोर्ट. ॲडमिट कार्ड. शादी.
शादीपुढचा आकडा खोडून
पुन्हा लिहिलेला.

पहिल्या रात्री कागद काळाकुट्ट.
लेन्स सताड उघडी ठेवली होती मी,
शिकाऊ माणूस चहात साखर घालतो
तसा उजेड ओतला.

दुसऱ्या रात्री काहीच नाही.
ट्रे हलवत राहिले. पांढरा कागद पांढराच.
बाहेर जानेवारी, चार अंश,
डेव्हलपर रजईत शिरलेल्या माणसासारखा,
हाक ऐकू येतेय, पण उठायचं नाही.

तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातली परात आणली.
परातीत ऊन पाणी, पाण्यात ट्रे.
कोपर बुडवून पाहिलं,
तान्ह्याच्या आंघोळीला पाहतात तसं.
(त्याहून बरंच गार हवं, हे मागून कळलं.)
देवघरातला झीरोचा लाल बल्ब उसना घेतला.
झरोक्याला गजकच्या खोक्याचा पुठ्ठा,
उरलेला पुठ्ठा पट्टीवर सरकवायला:
तीन सेकंद, सहा, नऊ, बारा.

टायमर नाही. म्हणून पाढा.
दिवसभर बँकेत मी हिंदीत बोलते,
भाजीवाल्याशी, शिरीषच्या पोरांशीसुद्धा.
अंधारात मोजायला उभी राहिले
तर तोंडातून आलं
बे एके बे,
बे दुणे चार,
बे त्रिक सहा.
तुम्ही कशात मोजायचात? दो एकम दो?
तुमचा सेकंद
माझ्याएवढाच लांब होता का?

फोकसची चाकं दोन.
उजव्याचे दाते नव्यासारखे टोचतात,
डावं झिजून गुळगुळीत.
मग मीही डावा हात लावला.
निगेटिव्हमधले कण एकदम
पाटावर उभे राहिले, वाळूसारखे.

निगेटिव्ह मेळ्यातलं.
एक घोडा, त्याला धरलेला पोरगा,
विकला जाणार की नाही
याची दोघांनाही कल्पना नसलेली.
पट्टीवरचा तिसरा पट्टा बरा दिसत होता.
बे नवे अठराला बल्ब बंद.
कागद पाण्यात सरकवला तसा
आधी दोर आला.
नुसता दोर, ताणलेला, कशालाच न बांधलेला.
मग पोराच्या स्वेटरची वीण, एक उसवलेली बाही.
घोडा सगळ्यात शेवटी, तोही अर्धवट;
फोटो घेताना त्याने मान झटकली होती.
त्या जागी करडं काहीतरी आहे,
वाफ म्हणा.
मला वाटलं, बिघडला.
मग वाटलं, नाही, झटकलीच होती त्याने.

सिरका. हायपो. बोटांना येणारा तो वास
साबणाने जात नाही. तुमच्या घरी
जेवताना कोणी काही म्हणायचं का?

दारावर थाप. शिरीष.
त्याला सहाची शताब्दी धरायची आहे,
पाणी तापलंय का, किती वेळ, काय चाललंय काय.

ये म्हटलं. गीझर चालू आहे.
फक्त निळी बादली घेऊ नकोस,
तिच्यात घोडा आहे.
तासभर तरी
धुवायला लागेल त्याला.