जमा पावती

आचारसंहिता लागली की आमच्या ठाण्यात
बंदुका माहेरपणाला येतात.
कुणाची जुन्या लुगड्यात, कुणाची गोधडीत,
एकाने तर खताच्या पोत्यात आणली, काखेत मारून,
दळण आणावं तशी.

मी कुमुद महाडकर. मालखाना माझ्याकडे.
चार पिढ्या ग्वाल्हेरात, घर लष्करात, नोकरी डबऱ्याच्या रस्त्यावर.
मोहल्ल्याचं नावच लष्कर,
म्हणून आपली मराठीही पाय आपटत चालते, बाबा म्हणायचे.
नाव, गाव, नळीचा नंबर, काडतुसं किती.
सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा. पावती. पुढचा.

तीनशे सेहेचाळीस नग.
रात्री कुलूप घालताना तेलाचा वास येतो,
वाटतं, अख्खी तहसील भिंतीला टेकून
उभ्याउभ्या झोपलीय.

दोनशे चौदा: रामबरन तोमर, दुनळी.
देताना म्हणाला, बाई, दमट जागी ठेवू नका हां.
आवाज लेकीला सासरी पोचवणाऱ्याचा.

मतदानाला मला त्याच्याच गावच्या शाळेत पाठवलं.
सोबत बाहेरून आलेली तुकडी,
त्यात मिझोरामचा एक पोरगा,
छातीवरचं नाव मला दोनदा वाचूनही जमेना.
पहाटे त्याला गरम पाणी हवं होतं, मी चिवडाही दिला.

अकराच्या सुमारास रांग फुगली.
कुणी कुणाच्या मेव्हण्याला बोगस म्हणालं.
आवाज चढले, चपला सरकल्या,
रामबरनचा उजवा हात खांद्याकडे गेला,
पट्टा असतो तिथे.

नव्हता.

हात तिथेच राहिला. सगळ्यांनी पाहिला.
मग त्याने मान खाजवली.
तेवढ्यात तो पोरगा मधे येऊन उभा होता,
रायफलचं तोंड जमिनीकडे,
मागच्या म्हातारीला तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत,
आजी, तुम्ही चला पुढे.

संध्याकाळच्या अहवालात एकच शब्द: शांततेत.
हातासाठी रकाना नसतो.

निकालानंतर ज्याची त्याला परत.
रामबरनने सही केली, नळीत डोकावून पाहिलं,
पट्टा चढवला. खांदा सवयीने एका बाजूला झुकला.
अंग रितं रितं वाटायचं, बाई.
मी म्हटलं, हो, दिसलं मला.
तो हसला नाही. मीही नाही.

सुतळ्या मी टाकत नाही.
गाठी सोडवून बिस्किटांच्या डब्यात ठेवते.
पावसाळा सरला की पंचायतीची आहे.