पासंग

कचेरीत तो सर्वांत शेवटी बसे,
दाराशी, जिथे थंडीत बॉस्फरसचा वारा
आणि उन्हाळ्यात मासळीबाजाराचा वास
परवानगी न विचारता आत येई.
नाव सिसिनिओस. हुद्दा: शिक्का मारणारा.
याहून लहान हुद्दे दोनच होते,
त्यातला एक मांजराचा.

पगार वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी.
सेनापती सोन्याच्या थैल्या खांद्यावरून ओढत नेत.
ह्याची पाळी येईतो आठवडा उलटून जाई,
मग आठ नाणी, मुठीत मावणारी,
आणि एक लोकरी अंगरखा,
नेहमी दुसऱ्याच कुणाच्या मापाचा.

मेसे रस्त्यावरचे साबणवाले, मेणवाले, अत्तरवाले
आपापली वजनं फडक्यात बांधून आणत.
तो कपाट उघडी. आतलं पितळी वजन, एक लित्रा,
वर चांदीचा क्रूस जडवलेला,
दोन्ही हातांनी उचली, पारड्यात ठेवी,
आणि काटा थरथरून उभा राहीपर्यंत
श्वास धरून ठेवी.
मग शिक्का. मग पुढचा.
शहरातला प्रत्येक पाव, प्रत्येक मेणबत्ती,
कुठल्या तरी नवरीच्या केसांतला गुलाबतेलाचा थेंबसुद्धा
त्या एका ठोकळ्याला विचारून बाहेर पडे.

म्हणून तो त्याला रोज पुसे.
राख, शिरका, मऊ कातडं.
सव्वीस वर्षं. अंगात ताप असतानाही.
मुलगी गेली त्या सकाळी
उशिरा आला, पण पुसलं.

मग हिवाळ्याच्या तोंडावर वार्दान नावाचा पोरगा आला,
आर्मेनियन, काळ्या समुद्राकडून नुकता उतरलेला,
कोपरापर्यंत केशराचा वास.
जुनी विहीर उपसताना सापडलेलं वजन त्याने पुढे केलं.
तोच क्रूस. तसाच शिक्का,
कुणा विसरल्या गेलेल्या सम्राटाच्या काळचा.
काटा त्याच्या बाजूला झुकला.
सिसिनिओसने वजनांची अदलाबदल केली.
काटा पुन्हा त्याच्याकडेच.
तीन गुंजा. फार नाही.
विहिरीच्या गाळात
त्याला पुसणारं कुणी नव्हतं.

हे मनात आलं
आणि तो खाली बसला.

"खोटं निघालं का?" पोराने विचारलं.
नियम स्पष्ट होता: हलकं ते खोटं, जड तेही खोटं.
"जप्त," तो म्हणाला.
जप्तीच्या वहीत मात्र चढवलं नाही.

शिशाची त्याच्याकडे काय कमी!
तीन गुंजांचा एक थेंब, बुडाशी, आतल्या बाजूने.
कुणाला कळलं असतं?
किती जणांचे पासंग त्याने असेच
नखाने उकरून काढले होते,
मग दंड, मग चाबूक,
भर बाजारात भादरलेली डोकी.
हात पुढे गेला नाही. तोंडही उघडलं नाही.
मापात पाप, तेही पुसून पुसून केलेलं,
हे कुठल्या पाद्र्याला
कुठल्या शब्दांत सांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून त्याने पुसणं सोडलं.

पितळ आधी मंदावलं, मग तपकिरी,
मग क्रूसाच्या कोपऱ्यांत हिरवं.
तपासणीला आलेल्या युस्त्रातिओसने
नाकाला रुमाल लावला, जणू कुजलं आहे काहीतरी,
आणि सव्वीस वर्षांच्या कोऱ्या पानावर
पहिला शब्द लिहिला: हयगय.
दोन नाणी कापली.

घरी अँथुसाला ते जप्त वजन आवडलं आहे.
मिठाच्या पाण्यातलं चीज वर तरंगू नये
म्हणून ती ते माठातल्या फळीवर ठेवते.
साऱ्या शहरातली एकुलती एक खरी लित्रा
अंधारात, शेळीच्या दुधावर
दाबून बसलेली.
जेवताना कधी तो तिकडे बघत राहतो.
"काळं पडलंय. पुसून ठेवू का?" ती विचारते.
"नको," तो म्हणतो, जरा जास्तच जोरात,
आणि चीजचा आणखी एक तुकडा घेतो.