चारशे पस्तीस ग्रॅम

लॉन म्हणायचं म्हणून म्हणायचं.
सव्वीस फूट बाय अठरा.
घरात टेप एकच, शिवणाची, साठ इंचांत संपणारी,
म्हणून दर पाच फुटांवर मातीत
कपड्याचा एक चिमटा खोचत गेले.
"पाच चिमटे, वर फूटभर,"
विद्याधर व्हरांड्यातून म्हणाले.
लांबचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं.

यातून वजा
आसोपालवाखालचे चोवीस चौरस फूट, जिथे
कारेलीबागेत आल्यापासून काही उगवलंच नाही,
आणि वाळवणाच्या दोरीखालची फरशी, बाराएक.
उरले चारशे बत्तीस.
त्याचे मीटर करा: चाळीस, धरून चाला.

मीटरला पाच ग्रॅम नत्र, म्हणजे दोनशे.
पण युरिया काही सगळाच नत्र नसतो,
शंभरात शेहेचाळीस, बाकी नुसती सोबत.
गॅसच्या बिलाच्या पाठीवर भागाकार केला.
चारशे पस्तीस. चौतीस पूर्णांक काहीतरी,
पण तेवढं मी सोडलं.

खंडेराव मार्केटमागे जशुभाईंची पाटी: खातर.
लग्नानंतर साताऱ्याहून आले तेव्हा
गुजराती अक्षरं जुळवत वाचली होती,
आणि तिथेच उभी राहिले होते.
कुणाच्या खातर,
ते पुढे लिहिलेलंच नव्हतं.

"बेन, आखी थेली लई जाव ने, पिस्तालीस किलोनी."
चारशे पस्तीस ग्रॅम, मी म्हटलं.
ते हसले, अर्धा किलो बांधला.
"वधारे पडे तो शुं थाय?"
जळतं, जशुभाई.

फ्रिजवर चुंबकाखाली सोमवारचा रिपोर्ट.
युरिया: एकशे बारा.
शेजारी बारीक अक्षरात, चाळीसपर्यंत ठीक.
गवताला विकत आणावा लागतो.
ह्यांच्या रक्तातून
मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास
मशीन लावून उपसतात,
तरी शनिवारी पुन्हा काठोकाठ.
असली वजाबाकी मला शाळेत शिकवली नव्हती.

वरचे पासष्ट ग्रॅम बरणीत घातले,
झाकणावर ठळक नाव लिहिलं,
नाहीतर कुणी मीठ समजायचं.
मीठही बंदच आहे म्हणा.

बाकीचा वाळूत कालवून
अर्धा उभा फेकला, अर्धा आडवा.
मग पाणी. खतानंतर पाणी भरपूर लागतं.
ह्यांना दिवसाला पाऊण लिटर,
वरणातलं, चहातलं, गोळीबरोबरचं धरून.
मी पाठ त्यांच्याकडे करून नळी धरली,
म्हणजे तोंडावर काही दिसायला नको,
त्यांच्या किंवा माझ्या.

बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.
मग मागून:
"तो कोपरा राहिला. आसोपालवाखालचा."
तिथे काही उगवत नाही, मी म्हटलं, तो वजा केलाय.
"माहितीये," ते म्हणाले. "तरी."

नळी तिकडे वळवली.